नाव वेगळे, पाया एकच

[इंदूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या सभेत मराठीतून केलेल्या भाषणाचा मजकूर]



आजचा विषय यंत्राचा आहे. तथापि तो केवळ अभियंत्यांचा नाही. ज्या गावात वर्षानुवर्षांच्या बचतीतून एखादी गाडी घेतली जाते, ज्या शाळेला मुलांची ने-आण करण्यासाठी वाहन हवे असते, ज्या कार्यालयातून वाहनखरेदीची निविदा निघते, त्या सर्वांचा हा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आलेली एक घटना प्रथम सांगतो. एका खेड्यातील शाळेने मुलांसाठी एक गाडी घेतली. दोन कंपन्यांच्या गाड्या पाहिल्या. एकीची किंमत थोडी कमी होती म्हणून ती घेतली. पुढे दीड वर्षाने ब्रेकचा एक भाग निकामी झाला. त्या कंपनीचे सेवाकेंद्र ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. भाग मागवावा लागेल असे उत्तर आले. गाडी तीन आठवडे शाळेच्या आवारात उभी राहिली आणि लांबच्या वस्तीवरील मुले, विशेषतः मुली, तेवढे दिवस शाळेला येऊ शकल्या नाहीत. शेवटी तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, ही गाडी त्या दुसऱ्या गाडीची सख्खी बहीण आहे. हा भाग समोरच्या दुकानात मिळतो." भागावरील क्रमांक जुळवून पाहिले, ते तंतोतंत जुळले, गाडी त्याच दिवशी सुरू झाली. शाळेने ज्या दोन गाड्या भिन्न समजून तोलल्या होत्या, त्या मुळात एकाच पायावर उभ्या होत्या. ही गोष्ट मिस्त्रीला ठाऊक होती, खरेदी करणाऱ्यांना नव्हती. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की ही माहिती मिस्त्रीपुरती राहता कामा नये.

पाया म्हणजे काय?

आपल्याकडील बैलगाडीचे उदाहरण घ्या. साटा, कणा, चाके आणि जू हे तिचे मुख्य अंग. शेणखत न्यायचे असेल तर बाजूंना तट्टे लावतात, कडबा न्यायचा असेल तर उंच काठ्या उभ्या करतात, आणि वऱ्हाड न्यायचे असले की त्याच साट्यावर कमानी बांधून छप्पर घालतात. गाडी प्रत्येक वेळी निराळी दिसते. सुतार-लोहाराने केलेले मुख्य काम मात्र एकदाच झालेले असते.

मोटारगाडीतही असेच असते. ट्रक, बस व जीप यांच्या खाली शिडीच्या आकाराची पोलादी चौकट असते. तिला आपण चॅसी म्हणतो. इंजिन, गिअरबॉक्स, आस आणि स्प्रिंगा तिच्यावर बसवतात व वरून निराळे अंग चढवतात. बहुतेक आधुनिक छोट्या गाड्यांत अशी वेगळी चौकट नसते. तळ आणि वरचे अंग एकत्र जोडलेले असतात. तेथे तळाचा पत्रा, इंजिन बसण्याची जागा, चाके जोडण्याची व्यवस्था, सुकाणू, ब्रेक आणि विजेच्या तारांची मांडणी या सर्वांच्या समुच्चयाला प्लॅटफॉर्म म्हणतात. हा पाया एकदा नीट आखला की त्यावर दोन, चार किंवा त्याहूनही अधिक गाड्या उभ्या करता येतात. बाहेरचा पत्रा, दिवे, बैठका आणि नाव तेवढे बदलते.

महाराष्ट्रातील प्रवाशाला याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एस.टी.ची लाल गाडी. टाटा अथवा अशोक लेलँड यांच्याकडून चॅसी घ्यावी आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांत तिच्यावर बस बांधावी, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. त्याच जातीच्या चॅसीवर कोणी मालमोटार केली, कोणी टँकर केला. पाया समान, काम निराळे.

पीथमपूरची साक्ष

हे पाहण्यासाठी इंदूरकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. येथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, धार जिल्ह्यात, पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत मराठी माणसाच्या परिचयाचा एक कारखाना आहे. १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभारली. त्या तीनचाकी गाडीचे नाव आपल्या भाषेत इतके रुजले की आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले.

या कंपनीची ट्रॅव्हलर ही गाडी पीथमपूरला तयार होते. तिचे मूळ जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९७७ साली आणलेल्या एका व्हॅनमध्ये आहे. ते मूळ घेऊन येथे त्यात वेळोवेळी पुष्कळ बदल झाले. एकाच कुळातील ही गाडी कोठे प्रवासी घेऊन देवदर्शनाला जाते, कोठे शाळेची बस होते, कोठे माल पोचवते आणि कोठे रुग्णवाहिका होऊन मध्यरात्री बाळंतिणीला रुग्णालयात नेते. जी गाडी माळव्यात आणि खानदेशात 'क्रूझर' म्हणून खेडोपाडी ओळखली जाते ती त्याच कंपनीची ट्रॅक्स. ट्रॅव्हलर, ट्रॅक्स आणि डोंगराळ वाटांसाठीची गुरखा या तिन्ही गाड्यांत मर्सिडीज वंशाचे २.६ लिटरचे डिझेल इंजिन वापरले गेले आहे. ज्या मिस्त्रीला एकाचे इंजिन उघडता येते, त्याला दुसऱ्याचे अवघड जात नाही.

पीथमपूरलाच आयशरचा कारखाना १९८० च्या दशकात जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने सुरू झाला. २००८ साली आयशर आणि स्वीडनची व्होल्वो यांनी संयुक्त कंपनी स्थापन केली व २०१३ पासून पीथमपूरच्या इंजिन कारखान्यात व्होल्वो समूहासाठीही मध्यम क्षमतेची इंजिने बनू लागली. एका देशाच्या वसाहतीत घडलेले इंजिन दुसऱ्या देशातील, दुसऱ्या नावाच्या गाडीत बसते, हे आता नित्याचे झाले आहे.

पुण्याकडील कथा

आता पुणे-पिंपरीकडे वळू. त्या काळी टेल्को म्हणून ओळखली जाणारी टाटांची कंपनी मुख्यतः ट्रक बनवीत असे. १९८८ साली तिने टाटामोबाइल ही छोटी मालवाहू गाडी आणली. त्याच पायावर १९९१ साली सिएरा, १९९२ साली इस्टेट, १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी या गाड्या उभ्या राहिल्या. सुमो हे नाव कंपनीचे धुरंधर सुमंत मुळगावकर यांच्या नावातील अक्षरांवरून ठेवले गेले असे सांगतात. मालवाहू गाडीचा पाया घेऊन दहा वर्षांत चार प्रवासी गाड्या बाजारात आणणे, ही ट्रक बनवणाऱ्या कंपनीला प्रवासी वाहनांच्या व्यवसायात पाऊल रोवण्यासाठी परवडणारी वाट होती. प्रत्येक गाडीसाठी नवा पाया आखावा लागला असता, तर ते कदाचित शक्यच झाले नसते.

याच्या आधीची स्थिती आठवून पाहा. परवाना पद्धतीच्या काळात आपल्याकडे ॲम्बॅसॅडर आणि फियाट या दोनच गाड्या मुख्यतः दिसत. पाया एक आणि चेहराही एकच. तोच दशकानुदशके चालला. १९५० च्या दशकात निघालेली ॲम्बॅसॅडर २०१४ साली बंद झाली. आज परिस्थिती उलटी आहे. चेहरे पुष्कळ आहेत. पाये मात्र मोजके आहेत.

कंपन्या असे का करतात?

कारण सरळ आहे. नवा पाया आखणे, त्याचे साचे तयार करणे, तो तपासणे व प्रमाणित करून घेणे यासाठी काही वर्षे आणि शेकडो, कधी हजारो कोटी रुपये लागतात. हा खर्च एका गाडीवर टाकला तर ती महाग होते. चार गाड्यांवर वाटला तर प्रत्येकीचा भार हलका होतो. सुट्या भागांचेही तसेच. चाकाचा एकच भाग पाच हजारांऐवजी पन्नास हजार बनू लागला की तो बनवणाऱ्या लघुउद्योजकाचा साचा, यंत्र आणि कामगार यांचा खर्च प्रतिनगाला कमी पडतो.

ही युक्ती नवीन नव्हे. अमेरिकेतील जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२६ साली पाँटियाक ही गाडी आणली, ती शेव्हरोलेचे अनेक भाग घेऊनच. पुढे १९८० च्या दशकात त्याच कंपनीच्या निरनिराळ्या नावांच्या गाड्या इतक्या सारख्या दिसू लागल्या की महाग नावासाठी जास्त पैसे का द्यावेत, असा प्रश्न ग्राहकांना पडू लागला. पाया सामाईक ठेवावा, पण वरचे काम प्रामाणिकपणे वेगळे करावे, हा त्यातून मिळालेला धडा होय.

१९९० च्या दशकात जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाने ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबवली. फोक्सवॅगन गोल्फ, ऑडी ए-३ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया या तीन कंपन्यांच्या तीन गाड्या एका पायावर आल्या. त्यांपैकी ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ पासून औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे होऊ लागली. २०१२ साली समूहाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पुढच्या चाकांचा आस आणि चालकाच्या पायाखालचे पेडल यांतील अंतर पक्के ठेवायचे. बाकीची लांबी, रुंदी गाडीप्रमाणे कमी-जास्त करायची. सर्वांत गुंतागुंतीचे काम त्या पुढच्या भागात असल्याने तेवढे एकदाच करावे, हा त्यामागील विचार.

याच कुळाचा एक पाया भारतासाठी खास तयार झाला. त्या योजनेसाठी एक अब्ज युरो इतकी रक्कम २०१८ साली जाहीर झाली. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून २०२१ साली स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन, आणि २०२२ साली स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टस अशा चार गाड्या त्या पायावर निघाल्या. कुशाक आणि टायगुन यांच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सारखेच, २,६५१ मिलिमीटर आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही हीच पद्धत आली आहे. महिंद्रा कंपनीने २०२४ साली चाकणहून आणलेल्या दोन विद्युत गाड्या एकाच पायावर बांधलेल्या आहेत.

लाभ आणि जोखीम

आता या व्यवस्थेचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, ते पाहू.

पहिला लाभ सुरक्षिततेचा होऊ शकतो. पाया मजबूत आखला तर त्याचे फळ एका गाडीला नव्हे, सर्व भावंडांना मिळते. चाकणच्या ज्या चार गाड्यांचा उल्लेख केला, त्यांपैकी कुशाक व टायगुन यांना २०२२ साली आणि स्लाव्हिया व व्हर्टस यांना २०२३ साली 'ग्लोबल एनकॅप'च्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. दुसरा लाभ सुट्या भागांचा. भाग जितका अधिक गाड्यांना चालतो तितका तो तालुक्याच्या दुकानात मिळण्याची शक्यता वाढते. तिसरा लाभ रोजगाराचा. त्याकडे मी शेवटी येईन.

परंतु विहीर सामाईक असली म्हणजे तिचे पाणी बिघडल्यावर सगळी आळी आजारी पडते, हेही विसरू नये. २०२० साली मारुतीने इंधन-पंपातील संभाव्य दोषासाठी वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यानंतर टोयोटानेही सुमारे ६,५०० ग्लान्झा गाड्या बोलावल्या. कारण ग्लान्झा ही मूळची बलेनोच होय. कंपन्यांनी दोष स्वतः जाहीर करून दुरुस्त केला, हे योग्यच झाले. यापेक्षा गंभीर उदाहरण जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे. तिच्या सदोष एअरबॅगा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवलेल्या असल्याने जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्या दोषामुळे माणसे दगावलीही.

म्हणून शेजारच्या गाडीबद्दल 'परत बोलावणी' जाहीर झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तर आपली गाडी तिचे भावंड तर नाही ना, हे पाहावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनाला मिळाला, व त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. अशा दोषाच्या दुरुस्तीचा खर्च मालकाने सोसायचा नसतो.

दोन गैरसमज

या विषयात दोन गैरसमज सारखेच घातक आहेत. पहिला असा की नाव निराळे म्हणजे गाडी निराळी. दुसरा असा की पाया एक म्हणजे सर्व काही एक.

दुसऱ्याबद्दल थोडे अधिक सांगतो. २०१९ साली बलेनो आणि ग्लान्झा या दोन्ही गाड्या जवळजवळ एकसारख्या होत्या. पण बलेनोवर कंपनीची हमी २ वर्षे वा ४०,००० किलोमीटरची, तर ग्लान्झावर ३ वर्षे वा १ लाख किलोमीटरची होती. यंत्र तेच, वचन वेगळे. स्प्रिंगांचा ताठपणा, एअरबॅगांची संख्या, ब्रेकची जात, सेवाकेंद्रांचे जाळे यांतही भावंडांत फरक असू शकतो. एका भावंडाला मिळालेले तारे दुसऱ्याला आपोआप मिळतात असेही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशातही 'भारत एनकॅप' ही चाचणी-व्यवस्था सुरू झाली आहे. ज्या गाडीची चाचणी झाली, तारे तिचेच समजावेत. पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' हे वाहन-चाचणीचे राष्ट्रीय केंद्र आहे. २०२१ साली खुली झालेली तेथील ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी आशियातील सर्वांत लांब म्हणून जाहीर झाली. पाया एक असला तरी त्यावरील प्रत्येक गाडी तपासावी लागते, म्हणूनच असा खर्च देश करतो.

आणि एक इशारा. चॅसी मजबूत आहे म्हणून तिच्यावर वाटेल ते अंग चढवावे, बैठका वाढवाव्यात, छत उंच करावे, हे धोक्याचे तर आहेच, बेकायदेशीरही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात मनास येईल तसा बदल करता येत नाही. बसबांधणीसाठी एआयएस-०५२, शाळेच्या बससाठी एआयएस-०६३ आणि रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ ही मानके आहेत. पाया कितीही चांगला असो, मुलांच्या जिवाची हमी त्यावर बांधलेल्या अंगावरही अवलंबून असते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

ग्रामस्थांनी, शाळांनी आणि खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढील पाच प्रश्न लेखी विचारावेत, अशी माझी विनंती आहे.

१. ही गाडी कोणत्या पायावर बांधली आहे, आणि त्याच पायावर दुसऱ्या कोणत्या गाड्या आहेत?

२. भावंड-गाडीच्या तुलनेत हिच्या किमतीत, हमीत आणि सुरक्षेच्या साधनांत नेमका फरक काय?

३. ब्रेक, क्लच, सुकाणू यांचे कोणते भाग दोन्ही गाड्यांना समान आहेत? त्यांचे क्रमांक एकच आहेत काय? हमीच्या मुदतीत ते बाहेरून घेतल्यास हमी टिकेल काय?

४. जवळचे सेवाकेंद्र किती किलोमीटरवर आहे?

५. या पायावरील कोणतीही गाडी पूर्वी परत बोलावली गेली आहे काय, आणि दोष दूर झाला आहे काय?

निविदेच्या अटी लिहिताना अधिकाऱ्यांनी नावापेक्षा काम, वहनक्षमता, सुरक्षा आणि सेवा यांना महत्त्व द्यावे. दोन भावंडांची खरी तुलना झाली तर सार्वजनिक पैसा वाचतो. केवळ नावावर भाळून झालेली खरेदी पुढे दहा वर्षे गावाला भोवते.

शिक्षकांना दोन शब्द

शिक्षक मित्रहो, आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जातील, पीथमपूर वा चाकणच्या कारखान्यांत काम करतील, काही जण गावातच गॅरेज काढतील. शंभर गाड्यांची शंभर नावे पाठ करण्याच्या फंदात त्यांना पडू देऊ नका. बाजारातील नावे दर वर्षी बदलतील. पाये दहा-पंधरा वर्षे टिकतात. जो मुलगा वा मुलगी एक पाया नीट समजून घेते, तिला त्यावरील सर्व गाड्यांची गुरुकिल्ली मिळते. सुटीच्या दिवशी एखाद्या गॅरेजमध्ये मुलांना न्या, दोन निराळ्या नावांच्या गाड्या शेजारी उभ्या करा, आणि कोणते भाग सारखे आहेत ते त्यांनाच शोधू द्या. वरचे रूप बाजूला सारून मूळ ओळखण्याची सवय केवळ मोटारगाडीपुरती उपयोगी पडते असे नाही.

त्या शाळेच्या आवारात तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीची मला अजून आठवण येते. गाडी चांगली होती, भाग जवळच होता, पैसाही होता; उणीव एका माहितीची होती. ती उणीव आपल्या गावात राहू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जयहिंद.